जरा सावरू दे

ठिपका गेला तेव्हा मी एका निवृत्त गृहस्थांच्या उजव्या कानात शिट्ट्या सोडत होते. कान तपासायचं आमचं काम दिसायला सोपं असतं. काचेच्या पलीकडे, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या पेटीएवढ्या खोलीत माणूस बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. त्याला सांगितलेलं असतं, आवाज ऐकू आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. मी अलीकडे बसून आवाज बारीक बारीक करत नेते आणि तो कुठे हरवतो ते टिपते. हे गृहस्थ मी काहीच वाजवत नसतानाही बटण दाबत होते. असे बरेच येतात. आपल्याकडून एखादा आवाज निसटेल या धास्तीने ते शांततेलाच उत्तर देत राहतात, आणि मग मला तेच तेच पुन्हा घ्यावं लागतं. अशा वेळी वैतागायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं आहे, म्हणून मी वैतागायच्या ऐवजी टेबलाखालच्या खणात ठेवलेल्या फोनकडे बघते. फोनवर नकाशा असतो, नकाशावर आईचा निळा ठिपका असतो, ठिपका आईच्या इमारतीवर असतो. तो तिथे आहे एवढं बघायचं आणि पुढची शिट्टी सोडायची. त्या दिवशी नकाशा होता, इमारत होती, रस्ते होते, ठिपका नव्हता. मी फोन बंद करून चालू केला. तोवर आतल्या गृहस्थांनी बटण दाबून दाबून माझा आलेख पार वेडावाकडा करून टाकला होता.

मी बाहेरच्या जिन्यात जाऊन आईला फोन लावला. ‘कुठे आहेस?’ मी विचारलं. माझा प्रत्येक फोन याच शब्दांनी सुरू होतो, हे माझ्या नवऱ्याने एकदा मला सांगितलं होतं आणि मी त्याच्यावर उखडले होते. ‘घरात,’ आई म्हणाली. ‘ठिपका दिसत नाहीये.’ ‘बंद केला.’ ‘कुणी?’ ‘मी. मलाही बोटं आहेत.’ मी म्हटलं, अगं पण का? तर म्हणाली, ‘उगाच. नको वाटायला लागलं. जा तू आता, तुझा कुणीतरी आत बसला असेल कानात बोळे घालून.’ आणि तिने फोन ठेवला. माझ्या आईने माझ्याआधी फोन ठेवल्याचं मला आठवत नाही. तिचे फोन कधी संपतच नाहीत, दोनदा ‘बरं मग’ म्हणून झालं तरी तिसरा विषय निघतो. मी जिन्यातच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याबरोबर अशा ठिकाणी निघणार होते, जिथे फोनला रेंज नसते.

हे समुद्राचं प्रकरण माझं नव्हे. माझा नवरा खोकी छापतो, औषधांची, साबणांची, बिस्किटांची, आणि उरलेल्या वेळात मासे पकडतो. बरणीत लोणचं मुरावं तसा तो या छंदात मुरलेला आहे. आमच्या बेडरूममध्ये गळाच्या काठ्या माझ्या कपाटापेक्षा जास्त जागा खातात. यंदा त्याने दूरवरच्या सफरीत दोन जागा धरल्या होत्या, स्वतःची आणि मित्राची. मित्राची कंबर धरली. ‘तू चल,’ नवरा म्हणाला, आणि त्या दिवशी माझं काय चुकलं होतं कोण जाणे, मी हो म्हणाले. आता या सफरीत मासा घरी आणायचा नसतो. जमीन दिसेनाशी झाल्यावरही बोट पुढे जातच राहते, तिथे ट्यूना नावाचा मोठा, भन्नाट वेगाचा मासा पकडायचा, त्याच्या पाठीत नंबर लिहिलेली बारीक प्लास्टिकची दोरी टोचायची, आणि सोडून द्यायचा. पुढे कुणाला तो मासा पुन्हा सापडला, तर दोरीवरच्या नंबरावरून कळतं की हा कुठून कुठे गेला. म्हणजे बाजारात जायचं, तास तास भाजी निवडायची, पिशवीत भरायची, आणि परत टोपलीत ठेवून घरी यायचं. हे मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, ‘भाजीला नंबर लावत नाहीत.’ त्याला विनोद कळतात, फक्त तो त्यांना उत्तरं देतो.

ठिपक्याचं मात्र सगळं माझं होतं. बाबा गेले तेव्हा ते फिरायला म्हणून बाहेर पडले होते. बसथांब्यावरच्या बाकावर बसले आणि तसेच गेले. लोकांना वाटलं, म्हातारा डुलकी काढतोय. किती बसेस आल्या आणि गेल्या असतील. खिशात फोन वाजत होता, माझाच वाजत होता, आणि शेजारी बसलेल्या बाईंनी नंतर सांगितलं की एवढा आवाज होऊनही उठत नाहीत म्हणून त्यांना वाटलं, यांना कमी ऐकू येत असेल. हे त्यांनी मला सांगितलं, मला, जी दिवसभर लोकांचे कान तपासते. त्यानंतर मी आईच्या फोनवर ठिपका बसवला. तिला विचारून बसवला. तिने ‘बसव बाई’ म्हटलं, पाऊस नसताना लेकराच्या हट्टासाठी छत्री घ्यावी तसं. तिला एकटीलाच गुन्हेगारासारखं वाटू नये म्हणून मी माझाही ठिपका तिला दिसेल असा करून ठेवला आणि विसरून गेले. तिचा ठिपका सुरुवातीला जरा हिंडायचा. वाचनालय, दूध केंद्र, एक मैत्रीण. मग हळूहळू तो घरातच राहायला लागला आणि मला बरं वाटायला लागलं. दिवसातून कितीदा बघत होते, सांगत नाही. सांगितलं तर माझ्यासमोर बसून बटण दाबणाऱ्यांना हसायचा मला हक्क राहायचा नाही.

बंदरावर बोटीत चढतानाही मी नकाशा उघडून होते. आईला दोनदा फोन केला. एकदा तिने ‘अगं हो, जेवले’ असं म्हणून ठेवला, दुसऱ्यांदा उचललाच नाही. मोठ्या इंजिनाची घरघर पायांतून वर येत होती, माणसं एकमेकांच्या काठ्या बघून मान डोलवत होती, नवरा तर बोहल्यावर चढायचाच बाकी होता. मी त्याला म्हटलं, ‘मी उतरते. तू जा.’ त्याने माझ्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर मी उतरले असते. तो म्हणाला, ‘आई धडधाकट आहेत. काल तुला फोनवर टोमणा मारला ना? मग?’ बोट हलली. काठ मागे सरकला, मग बुटका झाला, मग फोनच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या काड्या एकेक करून पडल्या. शेवटची काडी बराच वेळ तग धरून होती. मी फोन डोक्यावर धरला, मग कठड्याबाहेर धरला. बोटीवर त्या नंबरच्या दोऱ्या, म्हणजे टॅग, टोचायचं काम पाहणारी एक तरुण संशोधक होती, सगळे तिला टॅगवाली म्हणत. ती जवळून जाताना म्हणाली, ‘ताई, पाण्यात पडला तर त्याला नंबर नाही लावलेला आपण.’

तिनेच मग सगळ्यांना मागच्या डेकवर बोलावून समजावलं. आवाज खणखणीत, स्पष्ट, दूरवर पोचणारा. असे आवाज मला आवडतात. मासा बोटीजवळ आला की तो काठीने ओढायचा नाही, पाण्यातच ओल्या रेक्झिनच्या झोळीत घ्यायचा. झोळी वर आली की डोळ्यांवर ओलं फडकं, तोंडात समुद्राच्या पाण्याची नळी. मग ती मोजणार, पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या मुळाशी सुई टोचणार, बास. मग सोडायचा. ‘आणि सोडायचा म्हणजे फेकायचा,’ ती म्हणाली. ‘बाकीच्या माशांना तुम्ही पाण्यात धरून ठेवता, सावरू देता, ते विसरा. ट्यूना पोहला तरच श्वास घेतो. त्याला थांबता येत नाही. त्याच्या तोंडातून पाणी जोरात आत गेलं पाहिजे, म्हणून डोकं खाली करायचं आणि दोन्ही हातांनी सोडायचा, भाला फेकावा तसा. दया आली तर डोळे मिटा, पण फेका.’ सगळे हसले. मी ऐकत होते असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी आईचं ‘नको वाटायला लागलं’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाजवून बघत होते, त्यातला ‘नको’ किती जड होता, त्याच्या आधी तिने श्वास घेतला होता का, मागे कुणी होतं का. फोनवरचा आवाज ऐकून खोली ओळखायची मला सवय आहे. पडदे असलेली खोली वेगळी वाजते, रिकामी वेगळी. आईच्या मागे त्या दिवशी तिचीच खोली होती, नेहमीची, फक्त फ्रिजचा आवाज यायला हवा होता तो येत नव्हता. म्हणजे ती स्वयंपाकघरात नव्हती. मग कुठे होती? दारात? दारात का उभी होती?

पहिले काही दिवस काहीच लागलं नाही. टाकीतले लहान जिवंत मासे गळाला लावायचे, दोरी सोडायची, आणि उभं राहायचं. मासेमारी म्हणजे उभं राहणं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा उभा राहण्यात तरबेज आहे. त्याचा चेहरा पाण्याकडे बघून सैल होतो, तोंड थोडं उघडं राहतं, आमच्या लग्नात फोटोग्राफरने ‘हसा’ म्हटल्यावर जो चेहरा त्याला जमला नव्हता तो इथे आपोआप येतो. मला एका जागी उभं राहता येत नाही. मी पुढच्या टोकाकडे जायचे, मागच्या टोकाकडे यायचे, खाली जाऊन बिछान्यावर पडायचे, उठून कपडे घडी करायचे. फोन खिशातच असायचा, सवयीने हात जायचा, नकाशावर आमची बोट नव्हती आणि बाकीही काही नव्हतं, नुसता निळा रंग. आईचं ते दार, तिचे ते गुडघे, बाथरूममधली ती पायरी, गॅसचं बटण. मी एकेक आठवून त्यांच्यापाशी थांबायचे आणि पुढे सरकायचे, रात्रीचा वॉचमन फिरतो तसे. आणि मग सगळं तपासून झालं की बाबांचा बाक यायचा. त्या बाकाचा रंग हिरवा आहे. बाबा गेल्यावर मी त्यावर एकदा बसले होते. पाठ टेकायची पट्टी सैल आहे, मागे रेललं की हलते. माणूस त्यावर टेकून मेला तर त्याचं डोकं थोडं मागे जाईल आणि तो झोपला आहे असंच दिसेल. यात कुणाचा काही दोष नाही. पण बस आली की ती पट्टी हादरत असेल आणि बाबांची मान हलत असेल, आणि लोकांना वाटत असेल की हा माणूस झोपेत ‘हो’ म्हणतोय. हा विचार मी कुणालाच सांगितलेला नाही, आईलाही नाही.

एका दुपारी मी कप्तानाच्या केबिनमध्ये गेले. त्याच्याकडे उपग्रहावर चालणारा फोन असतो, कुणाला काही झालं तर काठावर कळवायला. मी म्हटलं, एकच फोन करायचा आहे, आईला. ‘आजारी आहेत?’ ‘नाही.’ ‘एकट्या असतात?’ ‘हो, पण शेजार आहे.’ ‘मग झालंय काय?’ मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला जे सांगायचं होतं ते असं होतं: माझी आई नकाशावर दिसत नाही. कप्तान हातातला कप खाली ठेवून वाट बघत होता. भला माणूस होता, त्याने बहुतेक दिलाही असता फोन. मी म्हटलं, ‘काही नाही, मला बोट लागते आहे.’ त्याने मला उलटीची गोळी दिली. ती मी घेतली आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी फाटलं. दुसरा शब्द नाही. सपाट पाणी एकाएकी उकळल्यासारखं झालं, पक्षी कुठून आले कोण जाणे, आणि बोटीवरचे सगळे एकदम ओरडायला लागले. नवऱ्याची काठी वाकली, त्याने ती माझ्या हातात कोंबली. ‘घे! घे ना! मी दुसरी घेतो!’ पुढचं मला नीट आठवत नाही. दंडांत पेटके आले, पोटात काठीचं टोक रुतलं, कुणीतरी मागून माझा पट्टा धरून ठेवला होता. मी दात-ओठ खाऊन त्या दोरीशी भांडत होते आणि त्या सगळ्या वेळात, हे मला नंतर जाणवलं, मला आईची एकदाही आठवण झाली नाही. मग पाण्याखाली काहीतरी चमकलं. झोळी खाली गेली, वर आली, आणि माझा मासा माझ्यासमोर होता. पाठ काळी-निळी, पोट चंदेरी, गुळगुळीत, एखाद्या तीन-चार वर्षांच्या मुलाएवढा. मी फडक्यावरून हात ठेवला आणि दचकले. तो गरम होता. मासे गार असतात असंच मी आजवर धरून चालले होते, आणि हा तर तापातल्या अंगासारखा लागला. आणि तो घरघरत होता. तोंडातून आवाज नाही, अंगातून, शिलाई मशीनवर हात ठेवल्यावर लागावी तशी बारीक, भरभर थरथर. टॅगवालीने मोजलं, सुई टोचली, पिवळी दोरी बुटाच्या लेसएवढी त्याच्या पाठीवर लोंबायला लागली. ‘चला, ताई, उचला. डोकं खाली.’

बोटीच्या मागच्या बाजूला पाण्याच्या पातळीवर एक छोटं दार असतं. मी त्याला उचलून तिथवर नेलं आणि मला तो फेकता येईना. तो इतका गप्प होता. मला वाटलं, हा घाबरलाय, याला भोवळ आलीय, आत्ताच तर टोचलंय. मी गुडघ्यांवर बसले, त्याला हळूच पाण्यात टेकवला आणि शेपटीच्या वरती दोन्ही हातांनी धरून ठेवला. ‘जरा सावरू दे,’ मी म्हणाले. टॅगवाली ओरडली, ‘सोडा! सोडा त्याला!’ मी ऐकलं. माझे कान उत्तम आहेत, दरवर्षी तपासते. ‘हो, हो,’ मी म्हणाले, ‘एक सेकंद,’ आणि पकड आणखी घट्ट केली. माझ्या हातात ती थरथर होती. ती बारीक होत होती. मी आवाज बारीक बारीक करत नेते तशी बारीक होत होती, आणि मला प्रत्येक वेळी वाटत होतं, अजून आहे, अजून लागतेय हाताला, मी अजून बटण दाबू शकते. ती कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. टॅगवालीने येऊन माझी बोटं सोडवली. मासा पुढे गेला नाही. तो कुशीवर वळला, पांढरं पोट दिसलं, आणि सावकाश, अगदी सावकाश खाली जायला लागला. पिवळी दोरी त्याच्या वर तरंगत राहिली, मग तीही खाली गेली. पाणी इतकं स्वच्छ होतं की ते बराच वेळ दिसत होतं.

टॅगवाली माझ्या शेजारी उकिडवी बसली. ती उगीच काही मऊ बोलली नाही. ‘दमलेला होताच,’ ती म्हणाली. ‘पण सोडला असता तर गेला असता. तुम्ही धरून ठेवलात.’ मी म्हटलं, ‘मी त्याला मदत करत होते.’ ‘माहितीये,’ ती म्हणाली. ‘सगळे तेच करत असतात.’ नवरा मागे उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायला श्वास घेतला. मी त्याला ओळखते, श्वासावरून ओळखते. मी म्हटलं, ‘एक शब्द बोलू नकोस. आईचं तर नावच काढू नकोस.’ तो म्हणाला, ‘मी चहा आणू का विचारणार होतो.’

मला राग आला होता. कुणाचा ते ठरवायला पूर्ण दिवस गेला. माशाचा राग आला, की एवढं धिप्पाड जनावर आणि चार घटका कुणी मायेने धरलं तर सहन होत नाही. टॅगवालीचा आला, नीट सांगायला काय झालं होतं, आणि तिने नीटच सांगितलं होतं म्हणून आणखी आला. आईचा आला. सगळ्यात जास्त आईचाच. बाबांनंतर मी किती काय काय केलं, रोज फोन, औषधांच्या डब्या, बाथरूममध्ये दांड्या बसवून घेतल्या, आणि तिने एका दुपारी बोटाने टिचकी मारून मला पुसून टाकलं. मी खालच्या बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. भिंतीच्या पलीकडे पाणी पळत होतं, सारखं, न थांबता, पत्र्यावर हात फिरवल्यासारखं. तळव्यांना माशाचा चिकटपणा होता, दोनदा साबण लावूनही जाईना. मला एकदम बाबांचा हात आठवला. हॉस्पिटलमध्ये त्यांना ओळखायला मी गेले तेव्हा मी त्यांचा हात धरला होता आणि डॉक्टरांनी ‘झालं का?’ म्हटलं तरी सोडला नव्हता. तो हात मी उशिरा धरला होता. इतका उशिरा की त्यात काहीच नव्हतं. तेव्हाही मला वाटत होतं, अजून आहे, अजून लागतंय काहीतरी. मी उशीत तोंड खुपसून रडले. बाबा गेल्यावर मी अशी रडलेच नव्हते, दांड्या बसवून घेण्यात वेळ गेला होता.

परतायच्या आदल्या दिवशी पुन्हा मासे लागले. मी काठी हातात घेतली नाही. नवऱ्याने एक मोठा ओढला, झोळी वर आली, नळी गेली, सुई गेली, आणि टॅगवालीने माझ्याकडे बघितलं. ‘ताई, तुम्ही.’ मी म्हटलं, मला नाही जमत. ‘म्हणूनच,’ ती म्हणाली. ‘लवकर. त्याला वेळ नाही तुमच्याशी वाद घालायला.’ मी उचलला. तोच ताप, तीच थरथर, या खेपेला तर जोरात, कोपरापर्यंत चढणारी. दारापाशी मी थांबले, आणि मला माझ्या हातांची भीती वाटली. ते हात पुन्हा खाली टेकायला बघत होते, त्यांना ते येत होतं. मी डोळे मिटले. मग मी त्याला फेकला. भाल्यासारखा वगैरे नाही, रागाने फेकला, भांडणात भांडं आदळावं तसा फेकला, तोंडातून शिवीही गेली असावी कारण नवरा नंतर कौतुकाने बघत होता. डोळे उघडले तेव्हा पाण्यावर फक्त फेस होता आणि तोही जात होता. ‘गेला?’ मी विचारलं. ‘गेला,’ टॅगवाली म्हणाली. ‘जगेल?’ ‘कुणी परत पकडला तर कळेल.’ ‘आणि नाही पकडला तर?’ ती सुई धूत होती. ‘तर नाही कळणार. बहुतेकांचं कधीच कळत नाही.’ हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला तिचा हेवा वाटला. मी कठड्याला धरून कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत राहिले, आणि बोट पुढे जात असल्यामुळे ती जागा ती राहिलीच नव्हती. यातून मला मोकळं वगैरे वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. माझे हात रात्रभर रिकामे होते आणि मला ते कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

काठ दिसायला लागला आणि सगळ्यांच्या खिशांतून किणकिणाट सुरू झाला. नवऱ्याच्या फोनवर तर पोतं उसवल्यासारखे निरोप पडले. माझ्याही फोनवर आले: दवाखान्याचे, बँकेचे, त्या निवृत्त गृहस्थांची तपासणी परत लावल्याचा. आईचा एकही नव्हता. चुकलेला फोनही नव्हता. इतक्या दिवसांत एकही नाही. मी नंबर लावला. वाजत राहिला. मला बसथांबा दिसायला लागला, हिरवा बाक, सैल पट्टी. मग उचलला गेला.

‘आई.’

‘अगं! आलात का? पोचलात?’ आवाज मोठा होता, गोंगाटावर चढवलेला. मी कान लावला. उंच छत. कडक फरशी. लोखंडी खुर्च्या सरकवल्याचे आवाज, पुष्कळ माणसं, लांब कुणीतरी काहीतरी पुकारत होतं. आईच्या अगदी जवळ एक बाई हसली. ‘कुठे’ हा शब्द माझ्या तोंडात आलाच होता. दातांच्या मागे होता. मी म्हटलं, ‘एक फोन नाही केलास.’

‘तुला लागला असता का?’ आई म्हणाली. ‘आणि बरंच झालं बाई तो नकाशा नव्हता माझ्याकडे. नाहीतर समुद्रात तुझा ठिपका बघत बसले असते.’

‘माझा?’

‘मग कुणाचा? तूच नाही का दिलास.’ ती थोडी थांबली, बाजूला सरकली असावी, गोंगाट जरा मागे गेला. ‘तुला सांगायचं नव्हतं. तू निघालीस की मी बघायचे. तुझी बस पुलावर अडकली की तो ठिपका तिथेच उभा. पुढे सरकेपर्यंत माझा चहा घशाखाली उतरायचा नाही. दवाखान्यात पोचलीस की बघायचे, हलत नाही ना. हल्ली बाहेर पडवेचना मला, बाहेर उन्हात पडद्यावर नीट दिसत नाही. तर एक दिवस बाहेर जायचंच म्हणून चपला घातल्या, आणि बघते तर तू अवेळी दवाखान्यातून निघालेली. मी तशीच बसले सोफ्यावर. तू घरी पोचेस्तोवर. अंधार पडला तरी चपला पायातच. म्हटलं, हे काय चाललंय माझं? दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुनेला विचारून दोन्ही ठिपके बंद केले. तुला कसं सांगणार? तू एवढ्या मायेनं बसवलेला.’

त्या दिवशी मी गळाच्या काठ्यांच्या दुकानात गेले होते, नवऱ्यासाठी रबरी बूट आणायला. तिचा ठिपका घरात होता. मी दुकानातून बघितला होता आणि मला बरं वाटलं होतं. ती चपला घालून बसली होती आणि मला बरं वाटत होतं. मी कठडा धरला. ‘आई,’ मी म्हणाले आणि नाक ओढलं.

‘रडू नकोस गं. हे बघ, ठेवते मी आता, नंबर आला माझा.’

‘नंबर?’ पण फोन ठेवला गेला होता.

कसला नंबर? हॉस्पिटलात नंबर येतो. तिकिटाच्या खिडकीवर येतो. स्पर्धेतही येतो. उंच छत, कडक फरशी, लोखंडी खुर्च्या, हे सगळीकडे असतं. पण ती बाई हसली होती. हॉस्पिटलात इतकं मोकळं हसतं का कुणी? हसतात, मी रोज ऐकते. माझा अंगठा तिच्या नावावर होता. बंदर आता एवढं जवळ आलं होतं की काठावरच्या माणसांचे चेहरे दिसत होते. नवरा दोन्ही काठ्या खांद्यावर घेऊन आला, उन्हाने नाक सोललेलं.

‘लागला का फोन? बऱ्या आहेत ना आई? कुठे आहेत?’

‘विचारलं नाही,’ मी म्हणाले.

त्याने काठ्या खाली ठेवल्या. माझे हात थरथरत होते, कोपरापर्यंत. मी ते तसेच थरथरू दिले आणि फोन खिशात टाकला.